महाविद्यालयीन बास्केटबॉल

महाविद्यालयीन बास्केटबॉल म्हणजे महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या विद्यार्थी-संघांमध्ये खेळला जाणारा बास्केटबॉल. हा खेळ मुळात एका प्रशिक्षण महाविद्यालयातच जन्माला आला आणि जगभर पसरला तोही मुख्यतः शिक्षणसंस्थांच्या मार्गाने. अमेरिकेत या स्पर्धांना व्यावसायिक खेळाच्या तोडीची लोकप्रियता आहे. भारतात त्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांमार्फत भरवल्या जातात. दोन्हीकडे खेळाचे मूळ नियम जवळपास सारखे असले, तरी स्पर्धेची रचना पूर्णतः भिन्न आहे. अमेरिकेतील महाविद्यालयाचा संघ एका हंगामात तीसच्या आसपास सामने खेळतो. भारतातील महाविद्यालयाच्या संघाचा हंगाम मात्र एकाच पराभवाने संपू शकतो. या फरकामुळे नियमित स्पर्धेबाहेरच्या, म्हणजे कॉन्फरन्सबाह्य सामन्याला दोन्ही देशांत वेगवेगळा अर्थ प्राप्त होतो. प्रस्तुत लेखात खेळाचा इतिहास, या दोन रचना आणि महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्याच्या उदाहरणावरून विद्यापीठांच्या सीमांचा महाविद्यालयीन संघांवर होणारा परिणाम यांची माहिती दिली आहे.

उगम

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीए या संस्थेची शिक्षक-प्रशिक्षण शाळा होती. तेथील शिक्षक जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ तयार केला. नेस्मिथ मूळचे कॅनडाचे. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना व्यायामशाळेच्या चार भिंतींत खेळता येईल आणि धक्काबुक्कीला फारसा वाव देणार नाही, असा खेळ त्यांना हवा होता. व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही बाजूंनी पीच या फळाच्या टोपल्या ठोकण्यात आल्या. सज्जाची उंची दहा फूट होती, आणि आजही जगभर रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. वर्गात १८ विद्यार्थी असल्याने पहिला सामना नऊ-नऊ जणांचा झाला. नेस्मिथ यांचे मूळ नियम १३ होते. चेंडू हातात घेऊन पळण्यास त्यांत मनाई होती. ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू टप्प्याटप्प्याने आपटत नेणे, ही पुढे रूढ झालेली पद्धत आहे.

महाविद्यालयांनी हा खेळ विलक्षण वेगाने उचलला. ९ फेब्रुवारी १८९५ रोजी मिनेसोटा राज्यातील दोन शिक्षणसंस्थांमध्ये झालेला सामना हा पहिल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांपैकी एक मानला जातो. त्याचा निकाल ९–३ असा लागला आणि त्यातही प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होते. पाच-पाच खेळाडूंचा सामना जानेवारी १८९६ मध्ये शिकागो आणि आयोवा यांच्यात झाला. स्त्रियांचा खेळही मागे नव्हता. स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी विद्यार्थिनींसाठी नियमांत बदल करून खेळ सुरू केला. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या विद्यार्थिनींमध्ये सामना झाला. तो स्टॅनफर्डने २–१ असा जिंकला.

ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलचा अधिकृत समावेश १९३६ च्या बर्लिन स्पर्धेत झाला. सामने टेनिसच्या मातीच्या उघड्या मैदानांवर घेण्यात आले. अंतिम सामन्याच्या दिवशी इतका पाऊस झाला की चेंडूचा टप्पाच पडेना, आणि अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. हे सामने पाहण्यासाठी नेस्मिथ स्वतः बर्लिनला उपस्थित होते.

भारतात आणि विदर्भात

भारतात बास्केटबॉल आणण्याचे व रुजवण्याचे काम वायएमसीएने केले. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे सुरू केलेल्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले शिक्षक देशभरच्या शाळा-महाविद्यालयांत गेले आणि त्यांच्याबरोबर बास्केटबॉल व व्हॉलीबॉल हे खेळही गेले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३४ मध्ये नवी दिल्लीत झाली. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० मध्ये झाली. ऑलिम्पिकमध्ये भारतीय संघ आजवर एकदाच, १९८० मध्ये मॉस्को येथे खेळला आहे.

महाराष्ट्रात या खेळाची सर्वांत प्रसिद्ध जागा कोणत्याही महाविद्यालयात नाही. मुंबईच्या नागपाडा भागात अमेरिकन धर्मोपदेशक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस ही समाजसेवी संस्था उभारली. या वस्तीतील मैदानांवर संध्याकाळी रोज सामने होत. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे आणि भारताचे नेतृत्व करणारे अब्बास मुंतसिर याच वस्तीत घडले. रोजच्या सामन्यांतून खेळाडू कसा तयार होतो, हे सांगताना नागपाड्याचे उदाहरण आजही दिले जाते.

विदर्भातील शारीरिक शिक्षणाचे केंद्र अमरावती होते. वैद्य बंधू, म्हणजे अंबादासपंत आणि अनंत वैद्य, यांनी १९१४ मध्ये तेथे आखाडा सुरू केला. त्यातूनच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. ज्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल प्रथम अधिकृतपणे खेळला गेला, त्याच वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात हे दोन्ही खेळ जगासमोर आले, हा योगायोग विदर्भातल्या क्रीडाप्रेमींना आवडावा असाच आहे. मंडळाने नंतर शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही चालवले. विदर्भातील शाळा-महाविद्यालयांतले अनेक क्रीडाशिक्षक आणि शारीरिक शिक्षण संचालक या संस्थेतून शिकून बाहेर पडले. त्यांच्या पिढ्यांनी कुस्ती, मल्लखांब, कबड्डी आणि खो-खो यांबरोबरच बास्केटबॉलही गावोगावच्या मैदानांवर नेला.

कॉन्फरन्स आणि कॉन्फरन्सबाह्य सामने

अमेरिकेत भौगोलिक सान्निध्य, परंपरा किंवा आर्थिक हितसंबंध यांमुळे एकत्र आलेल्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेला कॉन्फरन्स म्हणतात. शिकागो येथे १८९६ मध्ये स्थापन झालेली आणि आज बिग टेन या नावाने ओळखली जाणारी संघटना ही यांतली एक जुनी संघटना आहे. संपूर्ण महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राची नियामक संस्था एनसीएए असून तिची स्थापना १९०६ मध्ये झाली. तिच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आणि तीसहून अधिक कॉन्फरन्स आहेत.

हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. पहिले सुमारे दोन महिने संघ आपल्या कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी खेळतो. हेच कॉन्फरन्सबाह्य सामने होत. ते दोन विद्यापीठांनी परस्पर करार करून ठरवलेले असतात. त्यानंतर कॉन्फरन्समधील संघांशी साखळी सामने होतात, मग कॉन्फरन्सची स्वतःची बाद स्पर्धा होते आणि मार्च महिन्यात ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. १९३९ मध्ये ही राष्ट्रीय स्पर्धा प्रथम झाली तेव्हा तीत केवळ आठ संघ होते.

कॉन्फरन्सबाह्य सामन्याचा निकाल कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरला जात नाही. म्हणून तो बिनमहत्त्वाचा असतो, असे मात्र नाही. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती हे निकालही विचारात घेते. प्रतिस्पर्धी किती बलवान होता आणि सामना घरच्या मैदानावर झाला की बाहेर, यांनाही त्यात वजन असते. एकाच कॉन्फरन्समध्ये अडकलेल्या संघांची इतरांशी तुलना करायची, तर मोजपट्टी म्हणून हेच सामने हाती असतात. शिवाय मोठी विद्यापीठे लहान महाविद्यालयांना मानधन देऊन आपल्या मैदानावर बोलावतात आणि त्या रकमेतून लहान महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाचा बराच खर्च निघतो.

या प्रकारातील काही सामने इतिहासात नोंदले गेले आहेत. २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टन विद्यापीठाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाला ७१–६९ असे हरवले. लॉस एंजेलिसच्या या संघाने त्याआधी सलग ४७ सामने जिंकले होते. ॲस्ट्रोडोम या बंदिस्त क्रीडागारात ५२,६९३ प्रेक्षक होते आणि सामना देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. महाविद्यालयीन बास्केटबॉलला देशव्यापी प्रेक्षकवर्ग आहे, हे या सामन्याने दाखवून दिले. (त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत लॉस एंजेलिसच्या संघाने ह्यूस्टनवर १०१–६९ असा विजय मिळवून परतफेड केली.) २३ डिसेंबर १९८२ रोजी हवाई बेटांवरील शॅमिनाड या छोट्या महाविद्यालयाने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७७–७२ असे पराभूत केले. व्हर्जिनियाच्या संघात सात फूट चार इंच उंचीचा राल्फ सॅम्पसन होता. शॅमिनाडसारख्या संघाला व्हर्जिनियाच्या कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांची गाठ पडू शकली ती केवळ कॉन्फरन्सबाह्य सामन्यामुळे.

याहून वेगळ्या अर्थाने महत्त्वाचा ठरलेला सामना १२ मार्च १९४४ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम शहरात झाला. त्या काळी तेथे वर्णभेदाचे कायदे लागू होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाचा संघ आणि ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ एका रविवारी बंद दाराआड एकमेकांविरुद्ध खेळले. कृष्णवर्णीय संघाचे प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन हे कॅन्सस विद्यापीठात प्रत्यक्ष नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकलेले होते. त्यांचा संघ ८८–४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांचे खेळाडू आपापसांत मिसळून आणखी एक सामना खेळले. ही हकिकत अनेक वर्षे गुप्तच राहिली. कोणत्याही अधिकृत स्पर्धेत त्या काळी हा सामना होऊ शकला नसता.

कॉन्फरन्सच्या सीमा कायम नसतात. २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील बारा विद्यापीठांच्या कॉन्फरन्समधून दहा विद्यापीठे एकदम बाहेर पडली. त्यांपैकी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या कॉन्फरन्समध्ये सामील झाली. परिणामी त्यांचे जवळचे जुने प्रतिस्पर्धी कॉन्फरन्सबाह्य झाले आणि हजारो किलोमीटर दूरचे संघ नियमित प्रतिस्पर्धी बनले.

भारतीय विद्यापीठांची स्पर्धारचना

भारतात कॉन्फरन्सची जागा विद्यापीठाने घेतली आहे. महाविद्यालयाचा संघ प्रथम आपल्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. या स्पर्धेतील कामगिरी आणि निवड चाचणी यांवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. निवड झालेल्या खेळाडूला विद्यापीठाचा रंगीत कोट मिळतो आणि अशा खेळाडूला बोलीभाषेत कलर होल्डर म्हणतात. सराव शिबिरानंतर हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या (मूळ नाव आंतरविद्यापीठ मंडळ, स्थापना १९२५) विभागीय स्पर्धेला जातो. देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे चार विभाग आहेत. महाराष्ट्रातील विद्यापीठे गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्याबरोबर पश्चिम विभागात मोडतात. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस पात्र ठरतात.

याखेरीज महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी राज्यपालांच्या पुढाकाराने सुरू झालेला अश्वमेध हा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव असतो आणि त्यात बास्केटबॉलचा समावेश आहे. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे पहिली खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाली. क्रीडाक्षेत्रात सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद चषक १९५६–५७ पासून दिला जातो.

या साऱ्या रचनेत महाविद्यालयाचा संघ, महाविद्यालयाच्या नावाने, फक्त पहिल्या पायरीवर खेळतो. तिथून पुढे जातात ते निवडक खेळाडू, आणि तेही विद्यापीठाच्या नावाने. महाविद्यालयीन संघाच्या दृष्टीने पाहिल्यास वर्षाची सारी तयारी त्या एका स्पर्धेसाठी असते.

पहिल्या पायरीवरील सामने बहुधा बाद पद्धतीचे असतात. त्याचे गणित पाहण्यासारखे आहे. समजा, १६ संघ आहेत. बाद पद्धतीत एकूण १५ सामने होतात. पहिल्याच फेरीत आठ संघ बाहेर पडतात. म्हणजे निम्मे संघ एकच सामना खेळून परत जातात, चार संघांना दोन सामने मिळतात आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन संघांना चार. याउलट आठ-आठ संघांचे दोन गट करून साखळी घेतली, तर प्रत्येक संघाला सात सामने मिळतात, पण सामन्यांची संख्या ५६ होते. तेवढे दिवस मैदान, पंच, निवास आणि भोजन यांची सोय करणे यजमान महाविद्यालयाला सहसा झेपत नाही. बाद पद्धतीचा स्वीकार होतो तो या खर्चामुळे.

खेळाडूच्या वाट्याला येणारा वेळ मोजला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना दहा मिनिटांच्या चार सत्रांचा, एकूण ४० मिनिटांचा असतो. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू असतात. म्हणजे एका संघाला एका सामन्यात २०० खेळाडू-मिनिटे मिळतात. संघात बारा जण असले, तरी चुरशीच्या सामन्यात प्रशिक्षक पहिल्या सात-आठ जणांवरच विसंबतो. पहिल्या फेरीत हरलेल्या संघातील बाराव्या खेळाडूच्या वाट्याला अशा वेळी वर्षभरात एक मिनिटही येत नाही. जून-जुलैपासून पहाटे उठून केलेला सराव, पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या सिमेंटच्या मैदानावरची घसरण आणि सत्र परीक्षेच्या तोंडावर बुडालेले वर्ग हे सारे त्या न मिळालेल्या मिनिटासाठी असते.

यात व्यावहारिक हितसंबंधही गुंतलेले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचा लाभ केवळ मान्यताप्राप्त स्पर्धांतील विहित कामगिरीवर मिळतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वयोमर्यादाही असल्याने विद्यार्थ्याला मोजकेच हंगाम मिळतात. ग्रामीण भागातील कुटुंबाला मुलाच्या किंवा मुलीच्या खेळाचा विचार करताना या गोष्टी नजरेआड करता येत नाहीत.

यवतमाळ जिल्हा आणि विद्यापीठांच्या सीमा

यवतमाळ जिल्हा विदर्भाच्या दक्षिण भागात आहे. त्यात १६ तालुके आहेत. ईशान्येला वर्धा नदी आणि दक्षिणेला पैनगंगा ही त्याची नैसर्गिक सीमा होय. जिल्ह्यातील कला, विज्ञान, वाणिज्य आणि अभियांत्रिकीची बहुतेक महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय, पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय आणि बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, तसेच वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय ही त्यांतील काही नावे. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. बास्केटबॉलपुरते बोलायचे, तर हे पाच जिल्हे म्हणजे यवतमाळच्या संघाची कॉन्फरन्स.

ही सीमा तुलनेने नवी आहे. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली आणि पुढे विदर्भातील महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली होती. त्या काळी यवतमाळ, वर्धा, चांदा (आताचे चंद्रपूर) आणि नागपूर येथील संघ एकाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे भागीदार होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि वऱ्हाडातील महाविद्यालये वेगळी झाली. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नागपूरपासूनही वेगळे झाले. दक्षिणेकडे पैनगंगेपलीकडच्या नांदेडमध्ये १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. प्रशासनाच्या आणि परीक्षांच्या दृष्टीने हे विभाजन आवश्यकच होते. एका विद्यापीठाला इतका विस्तीर्ण प्रदेश सांभाळणे अशक्य होत चालले होते. क्रीडास्पर्धांवरचा परिणाम हा या निर्णयांचा अनुषंगिक भाग, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

हा परिणाम नकाशावर सहज दिसतो. वणी शहरापासून चंद्रपूर सुमारे ५० किलोमीटरवर आहे, तर विद्यापीठाचे मुख्यालय असलेले अमरावती दोनशे किलोमीटरच्या आसपास. कोळशाच्या खाणी, बाजार, दवाखाने आणि नातेसंबंध यांमुळे वणीचा रोजचा व्यवहार चंद्रपूरशी आहे. खेळात मात्र वणीच्या महाविद्यालयाचा अधिकृत प्रतिस्पर्धी बुलढाण्याचा असू शकतो, चंद्रपूरचा नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला उमरखेडची स्थिती अशीच आहे. तेथून नांदेड हे अमरावतीच्या निम्म्याहून कमी अंतरावर असले, तरी ते दुसऱ्या विद्यापीठात. यवतमाळ शहरापासून वर्धा सुमारे ७० आणि अमरावती सुमारे ९० किलोमीटर आहे. वर्धा जिल्हा नागपूर विद्यापीठात आहे. या शेजाऱ्यांची अधिकृत गाठ पडते ती विद्यापीठ संघाच्या पातळीवर, म्हणजे अश्वमेध महोत्सवात किंवा पश्चिम विभागीय स्पर्धेत. तोवर महाविद्यालयाचे नाव मागे पडलेले असते.

सीमा एकाच शहराच्या आतूनही जाते. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. विदर्भातील कृषी महाविद्यालये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे एकाच शहरात, काही किलोमीटरच्या परिसरात राहणारे वैद्यकीय, कृषी आणि विज्ञान शाखांचे विद्यार्थी तीन निरनिराळ्या विद्यापीठांचे खेळाडू असतात. संध्याकाळी ते एखाद्या मैदानावर एकत्र खेळतीलही. अधिकृत आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मात्र ते समोरासमोर येत नाहीत.

अमेरिकन परिभाषेत सांगायचे, तर वणी विरुद्ध चंद्रपूर, उमरखेड विरुद्ध नांदेड किंवा यवतमाळातील विज्ञान महाविद्यालय विरुद्ध वैद्यकीय महाविद्यालय हे सारे कॉन्फरन्सबाह्य सामने ठरतील. भारतीय व्यवहारात त्यांना मैत्रीपूर्ण सामना, सराव सामना किंवा अनेक संघ असल्यास निमंत्रितांची स्पर्धा म्हणतात. त्यांना कोणताही नियम मज्जाव करत नाही. ते कमी होतात याची कारणे साधी आहेत. अशा सामन्याचे प्रमाणपत्र शासकीय सवलतींसाठी ग्राह्य धरले जात नाही. विद्यापीठाचा प्रवासभत्ता अधिकृत स्पर्धेलाच मिळतो. बारा खेळाडू आणि व्यवस्थापक यांचे एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे महाविद्यालयाला आपल्या निधीतून किंवा खेळाडूंना आपल्या खिशातून द्यावे लागते. विद्यार्थिनींच्या संघाबाबत महिला व्यवस्थापक आणि अंधार पडण्यापूर्वीचा परतीचा प्रवास हे प्रश्न यात मिळतात. दोनशे किलोमीटरवरच्या अधिकृत स्पर्धेसाठी मुक्काम अटळ असतो. ५० किलोमीटरवरच्या मैत्रीपूर्ण सामन्यासाठी मात्र सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते. हा हिशेब मांडला, तर सीमेवरच्या महाविद्यालयांना कॉन्फरन्सबाह्य सामना अधिकृत स्पर्धेपेक्षा स्वस्त पडतो.

कॉन्फरन्सबाह्य सामना ठरवण्याची पद्धत

दोन महाविद्यालयांमधील सामना त्यांचे शारीरिक शिक्षण संचालक परस्पर पत्रव्यवहाराने आणि प्राचार्यांच्या संमतीने ठरवतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधीचा काळ यासाठी सर्वांत उपयुक्त असतो. त्या सुमारास संघ जवळपास ठरलेला असतो आणि चुका सुधारण्यास वेळही हाताशी असतो. दोन्ही मैदानांवर एकेक सामना ठेवल्यास खर्च आणि यजमानपदाचा लाभ समान वाटला जातो.

काही बाबी आधी निश्चित करून ठेवणे इष्ट असते. पुरुषांच्या सामन्यात ७ क्रमांकाचा आणि महिलांच्या सामन्यात ६ क्रमांकाचा चेंडू वापरतात. प्रमाणित मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते आणि तीन गुणांची रेषा रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर असते. जुन्या मैदानांवर ती आतल्या जुन्या अंतरावर रंगवलेली आढळते, त्यामुळे पाहुण्या संघाला आधी कल्पना द्यावी लागते. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत रिंगकडे टाकण्याचा नियम आहे. दर्शक यंत्र नसल्यास एक सहायक हातातील स्टॉपवॉचवर वेळ मोजतो आणि शेवटची काही सेकंदे मोठ्याने पुकारतो. पाच वैयक्तिक फाऊल झालेला खेळाडू बाहेर जातो. एका सत्रात संघाचे चार फाऊल पूर्ण झाल्यावर पुढील प्रत्येक बचावात्मक फाऊलला प्रतिस्पर्ध्यास दोन फ्री थ्रो मिळतात. बरोबरी झाल्यास पाच मिनिटांचे जादा सत्र खेळवतात. कार्यक्रमपत्रिकेत प्रथम नाव असलेला, म्हणजे सामान्यतः यजमान, संघ फिकट रंगाचे आणि पाहुणा संघ गडद रंगाचे बनियन घालतो.

पंच दोन्ही महाविद्यालयांशी संबंध नसलेले असावेत, असा संकेत आहे. तालुक्याच्या ठिकाणी असे पंच मिळणे कठीण असते, म्हणून अनेकदा एक पंच यजमानांचा व एक पाहुण्यांचा घेतात. ही व्यवस्था आदर्श नाही. पण सामना न होण्यापेक्षा ती बरी, असेच बहुतेक संचालकांचे मत पडेल. मैत्रीपूर्ण सामन्याची एक सोय अशी की अधिकृत चार सत्रे संपल्यावर दोन्ही संघांच्या संमतीने राखीव खेळाडूंचे आणखी एक सत्र खेळवता येते. अधिकृत सामन्यात ज्यांच्या वाट्याला बाकच येतो, त्यांना इथे पूर्ण दहा मिनिटे मिळतात. त्या सत्राचे गुण निकालात धरत नाहीत, परंतु गुणपत्रकावर ते स्वतंत्र नोंदवण्याची पद्धत चांगली आहे.

गुणपत्रकाच्या तीन-चार प्रती निघतात. एक प्रत विजयी संघाला, एक पराभूत संघाला आणि एक आयोजकांकडे राहते. महाविद्यालयाच्या जिमखान्यात या प्रती वर्षानुसार लावून ठेवल्या, तर कोणत्या वर्षी कोण खेळले, कोणी किती गुण केले आणि नदीपलीकडच्या संघाशी हिशेब कितीवर आहे, हे नव्या खेळाडूला बनियन मिळण्याआधी वाचता येते.